पाणी कधी येणार, एवढंच

पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा मी दारात बसून टॉवेलांचे सुटलेले धागे कापत होते. फोनवर पालिकेतल्या बाई होत्या, आमचे बचत गट बघणाऱ्या. म्हणाल्या, शहराची धोरणं नव्यानं लिहायची चालली आहेत, त्यात बायकांचं म्हणणं यायला हवं, तुम्ही गटाच्या अध्यक्ष आहात, चारचौघांत बोलायला घाबरत नाही, तर या. कसली धोरणं, म्हणून मी विचारलं. शाश्वत विकासाची ध्येयं धोरणात बसवायची आहेत, असं त्या म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. शाश्वत हा शब्द तोवर मी फक्त कीर्तनात ऐकला होता.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. माझी शाळा मराठीतून, बारावीपर्यंत. म्हणून कुणाचा अर्ज लिहायचा असला, कुणाला आलेली नोटीस वाचून दाखवायची असली, तर बायका माझ्याकडे येत. त्यातूनच गटाचं अध्यक्षपद गळ्यात पडलं. माझे यजमान लहानपणापासून मागावर होते. ते काम करायचे तो कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले आणि हे एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. तेव्हापासून घरात फार कमी बोलतात.

आमच्या गल्लीत पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. त्याची आम्हाला सवय आहे. बॅरल आहेत, हंडे आहेत, जिन्याखाली सिमेंटची टाकी आहे. दिवस अंदाजानं कळतो. वेळ कळत नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी जेवणं उरकल्यावर. त्या दिवशी घरातली एक बाई उंबऱ्याबाहेर पडू शकत नाही. पडली आणि तेवढ्यात पाणी येऊन गेलं, तर पुढचे चार दिवस शेजारीपाजारी हंडा घेऊन हिंडायचं. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारलं तर तो म्हणायचा, मला वरून फोन येतो, मग मी चावी फिरवतो, मलाच आधी माहीत नसतं. तो खोटं बोलत नव्हता.

याचा सगळ्यांत जास्त जाच माझ्या शेजारणीला व्हायचा. ती करकंबकडची, शेतकऱ्याघरची. नवऱ्याबरोबर शहरात आली. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूला घेऊन ती इथंच राहिली. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जायची. माझ्यापेक्षा बरीच लहान, मला अक्का म्हणायची. पाण्याच्या दिवशी तिचा खाडा ठरलेला. सासूचं अंथरूण, कपडे रोज धुवावे लागत. पाण्याविना तिचं भागण्यासारखं नव्हतं.

कार्यशाळा एका मोठ्या हॉलमध्ये होती. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि समोरच्या भिंतीवर सतरा रंगीत चौकोन. प्रत्येक चौकोनात एक चित्र आणि त्याखाली एक ध्येय. पुण्याहून आलेल्या एक तरुण मॅडम समजावून सांगत होत्या. जगातल्या देशांनी मिळून ही ध्येयं ठरवली, आपल्या देशानं ती मान्य केली, राज्यानंही केली, आता ती शहरापर्यंत आणायची. म्हणजे पालिकेचा कुठलाही विभाग काही ठरवेल तेव्हा आधी या चौकोनांकडे बघेल. रस्ता करताना चालणाऱ्यांचा विचार होईल, शाळा बांधताना मुलींचा. मला ते आवडलं. खरंच आवडलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी पहिल्यापासून नाक मुरडत बसले होते.

आमच्या टेबलाच्या वाट्याला निळा चौकोन आला, पाण्याचा. टेबलावर पालिकेचे एक अभियंता होते, कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर होते, आणखी दोघं-तिघं. त्यांची चर्चा उजनीच्या पाइपलाइनवर, गळतीवर, मीटरवर चालली होती. शेवटी मॅडमनी माझ्याकडे माइक दिला. मी उभी राहिले. म्हटलं, आम्हाला रोज पाणी द्या असं मी म्हणत नाही. ते किती लांबून येतं हे आम्हालाही कळतं. पण जेव्हा येणार असेल तेव्हा आदल्या दिवशी वेळ सांगा. वेळ कळली तर बाई कामाला जाऊ शकते, दवाखान्यात जाऊ शकते, कुणाच्या लग्नाला जाऊ शकते. पाणी कधी येणार, एवढंच सांगा.

टाळ्या वाजल्या. अभियंतासुद्धा मान हलवत होते. मॅडमनी माझं वाक्य पिवळ्या चिठ्ठीवर लिहून निळ्या चौकोनाखाली चिकटवलं आणि जेवणाच्या सुट्टीत माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, हेच आम्हाला ऐकायचं होतं. हे धोरणात येणार."

संध्याकाळी गल्लीत मी सगळ्यांना सांगितलं. शेजारीण कारखान्यातून येऊन पायरीवर टेकली होती. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच वेळ सांगतील का. मी म्हटलं, लिहून घेतलंय. ती मनातल्या मनात जुळवाजुळव करायला लागली. "आदल्या दिशी कळलं तर मी सकाळची पाळी घीन न्हायतर दुपारची. मग खाडाच पडायचा न्हाय की," असं म्हणाली आणि हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बोलावणी येतच राहिली. पाण्यावर कार्यशाळा झाली, मग महिलांवर, मग कामगारांवर, मग पुन्हा पाण्यावर. दर वेळी दारात तुळशीचं रोप द्यायचे, कापडी पिशवी द्यायचे, निघताना प्रमाणपत्र. दर वेळी मला बोलायला सांगायचे आणि मी तेच बोलायचे, फक्त हळूहळू त्यांच्या शब्दांत. सहभागी नियोजन, उत्तरदायित्व, शेवटचा घटक. हे शब्द माझ्या तोंडी सहज यायला लागले तसे अधिकारी मला नावानं ओळखायला लागले. गल्लीतल्या बायका सुरुवातीला प्रत्येक कार्यशाळेनंतर दारात जमायच्या. मग एखाद-दुसरी यायची. मग मी दिसले की एकमेकींकडे बघून, आज कुठलं झाड मिळालं, असं विचारायच्या. यजमानांनी एकदाच, तेही जेवता जेवता, तेलुगूत म्हटलं की इतक्या वेळा तेच विचारतात म्हणजे पहिल्यांदा ऐकलं नसेल. मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, सरकारी काम आहे, वेळ लागतो.

मग शहराचं धोरण छापून आलं. गुळगुळीत कागदाचं जाड पुस्तक. प्रकाशनाला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाण्याच्या प्रकरणात माझा फोटो होता, हातात माइक, मागे रंगीत चौकोन. खाली छापलं होतं, मत मांडताना महिला प्रतिनिधी. मी ते पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं आणि दिवाणावर बसून पानन् पान वाचलं. आमची गोष्ट त्यात होती, नाही असं नाही. नागरिकांपर्यंत पाणीपुरवठ्याची माहिती पोहोचवण्यासाठी सक्षम यंत्रणा विकसित करणे, असं एक वाक्य होतं. वेळ हा शब्द नव्हता. आदल्या दिवशी हेही नव्हतं. समोरच्या रकान्यात कालावधी लिहिला होता, दीर्घकालीन.

शेजारणीला मी ते वाक्य वाचून दाखवलं. ती थोडा वेळ फोटोकडे बघत राहिली. फोटू चांगला आलाय, म्हणाली. मग विचारलं, दीर्घकालीन म्हणजे कवा. 

मी पुस्तक घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी बसायला सांगितलं, पुस्तक चाळलं, आणि हा विषय आमच्याकडे येत नाही, ध्येयांचा कक्ष वेगळा आहे, असं सांगितलं. ध्येयांचा कक्ष म्हणजे वरच्या मजल्यावर जिन्याशेजारची एक खोली. तिथं एक कॉम्प्युटर आणि एक गृहस्थ होते. ते म्हणाले, आम्ही फक्त सगळ्या विभागांकडून माहिती गोळा करतो आणि वर पाठवतो. पाणी सोडणं पाणीपुरवठ्याचं काम. मी म्हटलं, पण विभागांनी या ध्येयांकडे बघून काम करायचं असं ठरलं होतं ना. ते म्हणाले, बघतात की. प्रत्येक कामापुढे कुठलं ध्येय ते लिहावं लागतं, त्याशिवाय फाइल पुढं जात नाही. मग त्यांनी मला दाखवलं. रस्त्याचं डांबरीकरण, त्यापुढं एका चौकोनाचा नंबर. बागेची कमान, त्यापुढं दुसरा. कामं पूर्वीचीच होती. त्यांच्यापुढं फक्त नंबर आले होते. ते गृहस्थ स्वभावानं सज्जन होते. त्यांनी माझ्यासाठी खिडकी उघडली, पंखा लावला. पण त्यांच्या हातात काही नव्हतं आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

पुण्याच्या मॅडमना फोन केला. त्यांचं इथलं काम संपलं होतं, त्या दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं.

"ताई, मी घातलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या मसुद्यात तुमच्याच शब्दांत होतं. आदल्या दिवशी वेळ कळवणे. पण समितीत म्हणाले, असं लिहिलं तर उद्या कोणी धरून बसेल. जे देता येईल याची खात्री नाही, ते कागदावर कशाला. मी वाद घातला. मग त्यांनी वाक्य बदललं आणि मी सही केली. नाहीतर ते आख्खं काढलंच असतं."

मी त्यांना दोष दिला नाही. त्यांचा आवाज थकलेला होता. फोन ठेवताना त्या म्हणाल्या की त्या आहेत तिथंही तेच चाललंय.

त्या सुमारास शेजारणीनं एक दिवस सांगितलं, तुमचे ते चौकोन आमच्या कारखान्यातबी लागलेत. तिचा कारखाना परदेशात माल पाठवायचा. तिकडच्या गिऱ्हाइकाची अट होती की माल शाश्वत पद्धतीनं बनलेला हवा. म्हणून भिंत रंगवली, चौकोन लावले, तपासणीला माणसं येऊन गेली. मालाच्या तारखा मात्र आधीपेक्षा कडक झाल्या. खाडे करणाऱ्यांना समज दिली गेली. तिनं पाण्याच्या दिवशी सासूला तसंच ठेवून जाऊन बघितलं. पाणी दुपारी येऊन गेलं. पुढचे दिवस ती आमच्याकडून, समोरच्यांकडून हंडे नेत राहिली, पण आम्हालाही पुरवून वापरायचं असतं, आणि आजारी माणसाचं धुणं तेवढ्यात होत नाही. सासूच्या पाठीला जखमा झाल्या. मग ती पुन्हा पाण्याच्या दिवशी घरी राहायला लागली आणि तिला कामावरून काढलं.

मी त्या मालकांना भेटायला गेले. गटाची अध्यक्ष म्हणून त्यांनी भेट दिली, चहा मागवला. माणूस उर्मट नव्हता. म्हणाले, ती चांगली शिवते, हे मला माहीत आहे. पण माझी अडचण तुम्ही समजून घ्या. पाणी मला सांगून येत नाही, मीही टँकर विकत घेतो. ऑर्डर मात्र तारीख सांगून येते. ती चुकली तर पुढची येणार नाही आणि बाकीच्या बायकाही घरी बसतील. मला त्यात खोट काढता येईना. चहा तसाच ठेवून उठायचं मनात होतं, पण तसं करण्याइतकी त्यांची चूकही दिसत नव्हती. मी चहा प्यायले आणि घरी आले.

शेजारीण काही महिने माझ्याबरोबर धागे कापत बसली. त्या कामात एका बाईचं भागत नाही, दोघींचं कुठून भागणार. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिची सासू गेली. सगळं उरकल्यावर तिनं सांगितलं की ती टेंभुर्णीला भावाकडे चाललीय. हायवेवरच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापायचं काम भावानं बघून ठेवलं होतं. मी तिला सामान बांधायला मदत करत होते. भांडी पोत्यात भरताना तिनं एकदम हात थांबवला.

"अक्का, एक बोलू का. राग मानू नका."

मी म्हटलं, बोल.

"तुमी तितं बोलला ते बरोबरच हुतं. पण तुमी बोलायला जायला लागला, तवापासून आमी बोलायचं सोडलं. आधी पाणी लई दिवस न्हाय आलं तर आमी सगळ्या घागरी घिऊन झोनवर, पालिकेच्या हापिसात, जाऊन बसायचो. सायब चिडायचा, पण टँकर तरी यायचा. मग तुमी जायला लागला. आमाला वाटलं, आपली बाई आत बसलीय, आता भांडायचं कशाला."

तिनं हे शांतपणे सांगितलं, जसं एखादी गोष्ट कुठं ठेवलीय ते सांगावं. मी पोत्याचं तोंड धरून उभी होते. झोनवर जाणं बंद कधी झालं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी त्या काळात हॉलमध्ये असायचे. मी तिला म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस. ती म्हणाली, तुमचा फोटू आला हुता की पुस्तकात.  भावाचा टेम्पो आला, सामान चढलं, ती पाया पडली आणि गेली.

ते माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याला नेहमीपेक्षा खूप उशीर झाला तेव्हा मी घरोघरी गेले. म्हटलं, घागरी काढा, झोनवर जाऊ. एकीची ड्युटी होती. एकीचा मुलगा म्हणाला, आता मोबाइलवर तक्रार करता येते, उन्हात कशाला. एक म्हणाली, तुमची तर साहेबांशी ओळख आहे, तुम्हीच एक फोन लावा. खोचून बोलली नाही, खरंच तसं वाटत होतं तिला. शेवटी माझ्याबरोबर दोघी आल्या. तिघी घागरी घेऊन रिक्षातून गेलो.

झोनवर नवे साहेब होते. ते मला कुठल्या तरी कार्यशाळेतून ओळखत होते. त्यांनी आम्हाला बाहेर बसूच दिलं नाही, आत बोलावलं, खुर्च्या दिल्या, थंड पाण्याचे ग्लास ठेवले. पाइपलाइन फुटलीय, काम चालू आहे, असं सांगितलं. मग माझ्याकडून मोबाइल घेऊन त्यांनी स्वतः तक्रार नोंदवून दिली. आमच्या घागरी टेबलाखाली पायाशी होत्या. इतक्या मानानं बसवल्यावर ओरडायचं कसं, हे आम्हा तिघींनाही सुचेना. बरोबरची एक कुजबुजली, निघूया का, माझं काम राहिलंय. आम्ही निघालो. घरी पोचायच्या आत मोबाइलवर मेसेज आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. पाणी आणखी काही दिवसांनी आलं.

यंदा मला आढावा बैठकीला बोलावलं. जायचं नव्हतं, तरी गेले. पडद्यावर शहराची प्रगती दाखवत होते. पाण्याचा चौकोन हिरव्या रंगात होता. मी उभी राहून विचारलं, हिरवा कसा. माहिती सांगणाऱ्या अधिकाऱ्यांनी समजावलं की घरात नळजोडणी आहे की नाही हे मोजतात, आणि आपल्याकडे ती बहुतेक घरांत आहे. मी म्हटलं, नळाला पाणी कधी येतं ते? ते म्हणाले, "वेळ हा निर्देशक नाही, ताई. काय मोजायचं ते वरून ठरून येतं." त्यांनी माझी सूचना नोंदवून घ्यायला सांगितलं. मी खाली बसले.

माझ्या शेजारी एक तरुण बाई होती, शहराच्या दुसऱ्या टोकाकडची, पहिल्यांदाच आलेली. तिच्या भागात गटारीचं पाणी घरात शिरायचं. ती फार चांगली बोलली. मी बोलायचे त्यापेक्षा चांगली. टाळ्या वाजल्या, एका मॅडमनी तिचं म्हणणं चिठ्ठीवर लिहिलं, आणि ती लाल झालेल्या चेहऱ्यानं परत माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं हळूच विचारलं, हे होईल ना आता. मी तिच्याकडे बघितलं. तिला काय सांगायला हवं ते मला कळत होतं. बाहेर जा, तुझ्या बायकांबरोबर राहा, इथं बसू नकोस. पण त्यानंही काही होईल असं मला वाटत नव्हतं. झोनवरून आम्ही तिघी कशा परत आलो ते मी पाहिलं होतं. मी तिला म्हटलं, चहा घेऊ या.

तिच्या भागात पुढं काय झालं ते मला माहीत नाही. गटाचं अध्यक्षपद मी सोडलं. आता दुसरी कोणी आहे, तिलाही फोन येतात. मी धागे कापते. मध्ये एकदा टेंभुर्णीहून शेजारणीचा फोन आला होता. हॉटेलात बोअर हाय, चोवीस तास पाणी हाय, म्हणाली. मग तिकडून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन ठेवला गेला. परत तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.